शिकारीच्या हंगामाने घडवलेली बंदूक

१) जगातील बहुतेक बंदुका युद्धाने घडवल्या. अमेरिकेत मात्र एक बंदूक अशी आहे, जिला रणांगणाने नव्हे तर शिकारीच्या वेळापत्रकाने जन्म दिला. तिचे नाव इनलाइन मझललोडर. ती पहिल्यांदाच विकत घेणाऱ्यासमोर चार प्रश्न उभे राहतात : ठिणगी कोणती, दारू कोणती, गोळी कोणती आणि दुर्बीण लावावी की नाही. या प्रत्येक प्रश्नामागे एक जुना वाद आहे. त्या वादांचा हा इतिहास.

२) मझललोडर म्हणजे आपली ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने ठासायची. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. तरी १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती आजही आढळते. अमेरिकेत याच जातीच्या बंदुकीला वेगळे नशीब लाभले.

३) जुन्या ठासणीच्या बंदुकीचे मर्म तिच्या बाजूला असे. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढला की घोड्यातील गारगोटी पोलादावर घासे. ठिणगी बाहेरच्या पात्रातील रंजकावर पडे आणि रंजकाची ज्योत नळीच्या बारीक छिद्रातून आत शिरून मुख्य दारू पेटवी. चाप आणि बार यांच्यात जाणवण्याइतका विलंब होई. पावसाचा एक थेंब रंजकात पडला तर बार होतच नसे.

४) हा दोष दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका शिकारी धर्मोपदेशकाने केला. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोरसिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकाचा भपका पाहून पक्षी गोळी पोहोचण्याआधीच सावध होत. आघाताने पेटणारी रसायने वापरून फोरसिथ यांनी त्यावर तोड काढली आणि १८०७ मध्ये पेटंट मिळवले. शिकारीच्या गरजेतून बंदूक बदलल्याचे हे एक जुने उदाहरण.

५) पुढे तांब्याची छोटी टोपी आली. जोशुआ शॉ यांना १८२२ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. टोपीच्या बंदुकीने पावसाची भीती बरीच कमी केली. पण घोडा अजूनही नळीच्या बाजूलाच होता. टोपीची आग वळण घेऊन दारूपर्यंत पोहोचे आणि त्या वळणात काजळी साचली किंवा ओल राहिली तर बार चुके.

६) यावर सरळ उपाय होता : ठिणगी दारूच्या थेट मागे, नळीच्याच रेषेत ठेवायची. ‘इनलाइन’ या शब्दाचा अर्थ एवढाच. ही कल्पनाही आधुनिक नाही. प्रशियाच्या सैन्याला सुईची बंदूक देणाऱ्या ड्रायझे यांची १८२० च्या दशकातील पहिली रचना ठासणीचीच होती आणि तिच्यात सुई मागून सरळ आघात करी. पुढे त्यांनीच मागून भरायची बंदूक बनवली आणि ठासणीची इनलाइन रचना मागे पडली.

७) अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, पायदळाच्या हाती मुख्यतः ठासणीच्याच रायफली होत्या. युद्धानंतर धातूच्या काडतुसांनी त्यांची जागा घेतली. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये बिनधुराची दारू तयार झाली, आणि काळ्या दारूचे राज्य संपले. ठासणीच्या बंदुका भिंतींवर आणि माळ्यांवर गेल्या.

८) त्या खाली उतरल्या त्या हौसेपोटी. १९३१ मध्ये ओहायोतील पोर्ट्समथ येथे जुन्या बंदुकांची एक नेमबाजी स्पर्धा झाली. त्यातून १९३३ मध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन उभी राहिली. इंडियानातील फ्रेंडशिप हे तिचे केंद्र झाले. आजोबांच्या बंदुकीतून नेम साधण्यात पूर्वजांचे कौशल्य अनुभवावे, ही या मंडळींची भावना होती. शिकारीचा हंगाम त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

९) हंगामाची कथा वेगळीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेतील व्हाइटटेल हरणे अनेक राज्यांतून जवळजवळ नाहीशी झाली होती. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा शिकारीच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरील कर वन्यजीवांच्या पुनर्वसनाकडे वळवला. हरणे परतली. काही ठिकाणी तर ती शेतांत आणि बागांत शिरू लागली.

१०) आता राज्यांच्या वन्यजीव खात्यांपुढे उलटा पेच उभा राहिला. शिकाऱ्यांना रानात अधिक दिवस द्यायचे, पण हरणे एकदम फार मारली जाऊ नयेत. उत्तर सापडले ते जुन्या हत्यारात. ठासणीच्या बंदुकीत एकच बार, पल्ला थोडा आणि पुन्हा भरायला वेळ. तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र हंगाम ठेवला, तर दिवस वाढतील पण शिकार मर्यादित राहील. पेन्सिल्व्हेनियाने १९७४ मध्ये असा हंगाम सुरू केला, तोही केवळ चकमकीच्या बंदुकीसाठी.

११) याच सुमारास बाजारही तयार झाला. थॉम्पसन/सेंटर या कंपनीने १९७० मध्ये ‘हॉकेन’ नावाची टोपीची रायफल आणली. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंनी एकोणिसाव्या शतकात रॉकी पर्वतातील फासेपारध्यांसाठी घडवलेल्या बंदुकांवरून ते नाव घेतले होते. १९७२ च्या ‘जेरेमाया जॉन्सन’ या चित्रपटाने त्या नावाला आणखी वलय दिले. स्वतंत्र हंगामासाठी हजारो शिकाऱ्यांनी आयुष्यातली पहिली ठासणीची बंदूक घेतली.

१२) पण या नव्या ग्राहकांपैकी अनेकांना इतिहासापेक्षा हंगाम हवा होता. गर्दी नसलेले रान त्यांना खुणावत होते. ओल्या पहाटे टोपी फुटे पण बार होत नसे. एल्क समोरून निघून जाई. कधी बार उशिरा होई आणि तोवर हात हललेला असे. मग जखमी जनावर रानात नाहीसे होई. शिकारीत याहून मोठे दूषण नाही.

१३) मिसूरीतील एका लहानशा गावात टोनी नाइट नावाचे बंदूक-कारागीर राहत. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात एल्कच्या शिकारीला जाणारे शिकारी त्यांच्याकडे भरवशाची बंदूक मागू लागले. नाइट यांनी आधुनिक बोल्ट-रायफलचा घाट घेतला, नळी तोंडाकडूनच भरायची ठेवली आणि टोपी थेट दारूच्या मागे बसवली. १९८५ मध्ये ही रायफल बाजारात आली. त्यांच्या मुलीच्या, मिशेल नाइटच्या, आद्याक्षरांवरून तिचे नाव एमके-८५ ठेवले गेले.

१४) एमके-८५ चे यश केवळ सरळ ठिणगीत नव्हते. तिच्या नळीच्या मागच्या टोकाचे आट्यांचे बूच, म्हणजे ब्रीच प्लग, सहज उघडता येई. त्यामुळे नळी आरपार साफ करता येऊ लागली आणि न उडालेला बार मागून काढणे शक्य झाले. चापाच्या सुरक्षेखेरीज आणखी एक स्वतंत्र सुरक्षा तिला होती. आधुनिक रायफल हाताळलेल्या माणसाला ती परकी वाटत नसे.

१५) परंपरावाद्यांना नेमके हेच खटकले. त्यांचे म्हणणे होते की, हा हंगाम मर्यादेच्या मोबदल्यात मिळालेला आहे. चकमक किंवा बाजूची टोपी वापरणारा शिकारी जवळ जाण्याचे कसब शिकतो. इनलाइनवाला मात्र तोंडाकडून भरण्याचा एक विधी पाळतो आणि बाकी सर्व सोयी परत मिळवतो. मर्यादाच उरली नाही तर वेगळा हंगाम कशासाठी, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

१६) दुसऱ्या बाजूचे उत्तरही पोकळ नव्हते. ओल्या दारूमुळे अर्धवट बार होऊन हरीण तडफडत राहण्यात कोणती परंपरा जपली जाते? एकच बार, धुराचा पडदा आणि पुन्हा भरण्याचे कष्ट इनलाइनमध्येही आहेतच. शिवाय अनेक राज्यांत हरणे इतकी वाढली होती की खात्यांना अधिक शिकारी हवेच होते. सोपी बंदूक म्हणजे रानात जास्त माणसे आणि परवान्यांचे जास्त उत्पन्न.

१७) बाजाराने निकाल लवकर दिला. १९९६ मध्ये रेमिंग्टनने आपल्या प्रसिद्ध ७०० रायफलचे ठासणीचे रूप काढले. पुढे मधून वाकवून उघडणाऱ्या रचना लोकप्रिय झाल्या. त्यांत प्रायमर बसवणे सोपे असते, तो पावसापासून झाकलेला राहतो आणि साफसफाईला भाग कमी असतात. आज पहिली इनलाइन घेणाऱ्यासमोर दुकानात प्रामुख्याने हीच रचना येते, आणि नवशिक्यासाठी ती बहुधा योग्यही असते.

१८) कायद्याने मात्र एकच निकाल दिला नाही. प्रत्येक राज्याने आपापली रेषा आखली. पेन्सिल्व्हेनियाचा नाताळनंतरचा हंगाम अजूनही चकमकीचाच आहे. इडाहोच्या केवळ ठासणीसाठीच्या हंगामात ठिणगीची जागा उघडी लागते आणि दुर्बीण चालत नाही. कोलोरॅडोत इनलाइन चालते, पण दुर्बीण, दारूच्या वड्या आणि गोळीचे प्लॅस्टिकचे वेष्टन चालत नाही. इतर अनेक राज्यांत यांतले जवळजवळ सर्व चालते.

१९) म्हणून पहिली इनलाइन निवडण्याची सुरुवात दुकानात होत नाही, राज्याच्या नियमपुस्तिकेत होते. एका राज्यात उत्तम ठरलेली रायफल शेजारच्या राज्यात त्याच हंगामासाठी बेकायदा ठरू शकते. नियम दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा चालू वर्षाचीच पुस्तिका पाहावी लागते. इतर कोणत्याही गुणाआधी हा प्रश्न सुटला पाहिजे, कारण ही बंदूक मुळात नियमासाठीच जन्मली आहे.

२०) खरेदीचा कायदाही असाच गुंतागुंतीचा आहे. १९६८ च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्याने काडतूस न चालणाऱ्या ठासणीच्या बंदुकांना ‘प्राचीन’ वर्गात ठेवून बऱ्याच बंधनांतून मोकळे केले. पण नळी बदलून काडतुसाची रायफल होऊ शकेल अशा सांगाड्यावर बनवलेली इनलाइन त्या सवलतीत येत नाही. राज्यांचे कायदे आणखी वेगळे असतात. दिसायला सारख्या दोन रायफलींची कायद्यातील जात भिन्न असू शकते.

२१) दारूचा प्रश्न. काळी दारू म्हणजे सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. तिच्यातला अर्ध्याहून अधिक भाग जळल्यावरही घन अवशेष म्हणून उरतो. शिवाय ती स्फोटक म्हणून गणली जात असल्याने साठवणुकीचे नियम कडक आहेत. डॅन पॉलक यांनी १९७० च्या दशकात ‘पायरोडेक्स’ हा पर्याय शोधला. १९७७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील कारखान्यात झालेल्या दुर्घटनेत त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंत झाला. हॉजडन कंपनीने ते उत्पादन पुढे नेले.

२२) पर्यायी दारू पेटायला काळ्या दारूपेक्षा अधिक उष्णता लागते. त्यामुळे जुनी टोपी अपुरी पडू लागली आणि छर्ऱ्याच्या काडतुसांतील २०९ क्रमांकाचा प्रायमर इनलाइनमध्ये रूढ झाला. इतिहासात बहुधा ठिणगी बदलली की बंदूक बदलली. इथे दारू बदलली म्हणून ठिणगी बदलली. राज्याची परवानगी असेल तर पहिल्या खरेदीसाठी २०९ चीच रचना सोयीची.

२३) १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दारूच्या वड्या आल्या. ५० ग्रेनची एक, दोन टाकल्या की १०० ग्रेनचा बार. मापे नकोत, सांडलवंड नको. तीन वड्यांचा, १५० ग्रेनचा बार जाहिरातींत गाजला, पण त्याने नेम सुधारतो असे नाही. धक्का आणि खर्च मात्र निश्चित वाढतो. सुटी दारू आकारमानाने मोजून पाच-पाच ग्रेनने वाढवत गेले, की त्या विशिष्ट नळीला मानवणारा बार सापडतो. वड्यांत ही मुभा नाही.

२४) एक रेषा कधीही ओलांडायची नाही. काडतुसांतील बिनधुराची दारू सामान्य इनलाइनमध्ये घातली तर नळी फुटू शकते आणि माणूस मरू शकतो. सॅव्हेज कंपनीने २००० च्या सुमारास बिनधुराच्या दारूसाठीच घडवलेली १०एमएल ही रायफल काढली होती. तो अपवाद त्या बंदुकीच्या मजबुतीचा होता, इतरांना तो लागू नाही. निर्मात्याच्या पुस्तिकेत नाव नसलेली दारू नळीत जाता कामा नये.

२५) गोळीचा इतिहास नळीतल्या पेचांत कोरलेला असतो. गोल गोळीला मंद पेच लागतो, साधारण ६६ इंचांत एक वेढा. थॉम्पसन/सेंटरच्या हॉकेनने ४८ इंचांचा मध्यम मार्ग धरला. इनलाइनमध्ये २८ इंचांत एक वेढा रूढ झाला, कारण तिची गोळी लांबट असते. बहुधा ती प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसते. त्याला साबो म्हणतात. फ्रेंच भाषेत याचा अर्थ लाकडी खडाव. साबोला बंदी असलेल्या राज्यात नळीच्या मापाची अखंड गोळी घ्यावी लागते.

२६) नळीचे माप बहुधा .५० इंच निवडले जाते आणि त्यामागे साधे कारण आहे. या मापाच्या गोळ्या आणि साबो सर्वत्र मिळतात. हरणाला ते भरपूर आहे आणि एल्कलाही पुरते. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान.५० लागतेच. पहिल्या बंदुकीत दुर्मीळ मापाचा हट्ट धरला तर पुढे साहित्यासाठी वणवण होते. बंद झालेले जुने मॉडेल स्वस्तात मिळाले, तरी त्याचा ब्रीच प्लग आजही मिळतो का, हे आधी पाहावे.

२७) दुर्बिणीचा वाद खरे तर अंतराचा वाद आहे. गोल गोळीच्या बंदुकीने सुमारे १०० यार्डांपलीकडे हात आवरावा, असा जुना संकेत होता. इनलाइन आणि दुर्बीण यांनी ती मर्यादा पुढे ढकलली, आणि जाहिरातींनी आणखी पुढे. पण या जड, मंद गोळीचा मार्ग झपाट्याने खाली वळतो आणि दुसरा बार लगेच मिळत नाही. सरावाच्या मैदानावर ज्या अंतरावर गोळ्या सातत्याने तळहाताएवढ्या वर्तुळात बसतात, तेच त्या शिकाऱ्याचे खरे अंतर.

२८) काही गोष्टी दोन शतकांत मुळीच बदलल्या नाहीत. काळ्या दारूची आणि बहुतेक पर्यायांची राख हवेतली ओल शोषते आणि नळी गंजवते, म्हणून त्याच दिवशी साबणपाण्याने धुणे आले. ब्रीच प्लग काढून त्याच्या आट्यांना ग्रीस लावणे आले. गोळी दारूवर घट्ट बसलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका असतो. गजावर भरलेल्या आणि रिकाम्या नळीची खूण केलेली असावी. दोनदा बार भरण्याची चूक तीच खूण टाळते.

२९) दरम्यान वादाची रेषा पुन्हा सरकली आहे. २०२० मध्ये फेडरल आणि ट्रॅडिशन्स या कंपन्यांनी अशी रचना आणली की दारूची बंद कुपी मागून बसवायची आणि फक्त गोळी तोंडाकडून ठासायची. काही राज्यांनी ती हंगामात सामावून घेतली, काहींनी ती ठासणीची बंदूक मानायलाच नकार दिला. १९८५ मध्ये विचारलेला प्रश्नच पुन्हा विचारला गेला : तोंडाकडून नेमके किती भरले की बंदूक ठासणीची ठरते?

३०) या साऱ्या इतिहासात परंपरावाद्यांनी बाजारात हार पत्करली, पण त्यांचा मुद्दा हरला नाही. वेगळा हंगाम हा मर्यादेचा मोबदला होता. यंत्राने ती मर्यादा कमी केली, म्हणून ती आता माणसाने पाळायची आहे. पहिली इनलाइन घेणाऱ्याने साधी, .५० ची, सहज उघडून साफ होणारी आणि आपल्या राज्याच्या पुस्तिकेत बसणारी रायफल निवडावी आणि वाचलेला पैसा सरावावर खर्च करावा. बार एकच असतो. तो कधी उडवायचा नाही, हे ठरवणारा भाग अजून कोणत्याही कारखान्यात तयार झालेला नाही.